म्हातारपणी झालेला गुन्हा आणि श्रमाची शिक्षा



‘एवढ्या वयाच्या माणसाला शिक्षा कसली करता? सोडून द्या!’ असे आपण पुष्कळदा ऐकतो. ‘वय झाले म्हणून काय झाले? केले ते भोगले पाहिजे. लावा कामाला!’ असेही ऐकतो. गंमत अशी की ही दोन्ही वाक्ये कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून येतात. गुन्हा करणारा आपल्या घरातला असला की पहिले वाक्य, आणि नुकसान आपले झाले असले की दुसरे.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिने ‘समाजसेवा’ ही एक नवी शिक्षा आणली. म्हणजे तुरुंगात न पाठवता गुन्हेगाराकडून समाजाच्या उपयोगाचे काम करून घेणे. त्यामुळे श्रमाची शिक्षा हा विषय आता मालवणच्या कोर्टापर्यंत आणि आपल्या वाडीपर्यंत आला आहे. गुन्हेगार साठी-सत्तरी ओलांडलेला असला तर ही शिक्षा कशी असावी, याचा आज थोडा अभ्यास करू.

कायदा काय सांगतो?

१८६० च्या भारतीय दंड विधानात कैदेचे दोन प्रकार होते, साधी कैद आणि सश्रम कैद. सश्रम कैदेला आपण बोलताना ‘सक्तमजुरी’ म्हणतो. नव्या संहितेनेही हे दोन्ही प्रकार ठेवले आहेत. ज्या इंग्लंडकडून सक्तमजुरी आपल्याकडे आली, त्या इंग्लंडने ती शिक्षा १९४८ साली काढून टाकली. आपल्याकडे मात्र ती आहे.

१८९४ च्या तुरुंग कायद्यात या मजुरीला काही कुंपणे घातली होती. मजुरीच्या कैद्याला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम द्यायचे नाही. निदान पंधरवड्यातून एकदा त्याचे वजन करून ते नोंदवायचे. एखाद्या कामाने त्याची प्रकृती बिघडते आहे असे तुरुंगाच्या डॉक्टरांचे मत झाले, तर ते काम थांबवून झेपेल असे दुसरे द्यायचे. हे नियम चांगलेच होते. परंतु अमुक वयानंतर सक्तमजुरी नाही, अशी रेषा त्या कायद्याने ओढली नव्हती. सारे डॉक्टरांच्या नजरेवर सोडले होते.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे निकाल दिले. १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की सश्रम कैद्याकडून काम करून घेणे कायदेशीर आहे, पण त्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे. आणि त्या मोबदल्यातला काही भाग ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी बाजूला काढण्याची तरतूद व्हावी. दुसरा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगातील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. झाडू एका जातीच्या हाती आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीच्या हाती, अशी वाटणी आता करता येत नाही. या दोन्ही निकालांचा गाभा असा : कैदी झाला तरी माणसाचे माणूसपण तुरुंगाच्या दाराबाहेर ठेवले जात नाही.

आता नवी समाजसेवा. ही शिक्षा संहितेतल्या मोजक्या सहा गुन्ह्यांसाठी आहे. त्यांतले दोन आपल्या गावात सहज घडणारे आहेत. पहिला, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी. गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल तर. दुसरा, दारूच्या नशेत सार्वजनिक जागी केलेला धिंगाणा. या कामाला मोबदला नसतो. मात्र किती तास आणि कोणते काम, हे संहितेत लिहिलेले नाही; ते ठरवणे न्यायाधीशांच्या विवेकावर आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही मोकळीक फार मोलाची आहे, कारण वय पाहून काम ठरवायला तिथे जागा आहे.

समान शिक्षा म्हणजे न्याय्य शिक्षा काय?

ॲरिस्टॉटलने न्यायाचा विचार प्रमाणाच्या अंगाने केला. जे सारखे आहेत त्यांना सारखे वागवणे हा न्याय. जे सारखे नाहीत त्यांना डोळे झाकून सारखे वागवणे हा अन्याय. पन्नास किलोचे पोते पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या पाठीवर ठेवा आणि तेच पंचाहत्तरीच्या आजोबांच्या पाठीवर ठेवा. काटा दोन्ही वेळा पन्नासच दाखवील, पण ओझे एक नसेल. पाच वर्षांच्या कैदेचेही तसेच. तरुणाच्या आयुष्यातून ती पाच वर्षे वजा होतात. आजोबांच्या बाबतीत कदाचित तेवढीच वर्षे उरलेली असतात.

परंतु तराजूला दुसरेही पारडे आहे. ज्या विधवेच्या गळ्यातली माळ गेली, तिचे नुकसान चोर म्हातारा होता म्हणून कमी होत नाही. ज्याची जमीन खोट्या सहीने लाटली गेली, त्याला सही करणाऱ्या हाताला सुरकुत्या होत्या याने दिलासा मिळत नाही. म्हणून वय पाहून गुन्हाच पुसून टाकणे हाही अन्याय आहे. शिवाय तसे करणे म्हणजे त्या वृद्धाला ‘तू आता कशालाच जबाबदार नाहीस’ असे सांगणे होय. हा त्याचा मान नव्हे, अपमान आहे.

तेव्हा आपण एवढे धरून चालू : गुन्ह्याचे वजन वयामुळे घटत नाही, ते फेडण्याची रीत मात्र वयाप्रमाणे बदलली पाहिजे. संत थॉमस अक्विनास यांनी या जगातील शिक्षेकडे औषध म्हणून पाहिले. औषधाचा डोस ठरवताना डॉक्टर रोग पाहतात तसे रोग्याचे वयही पाहतात. आपल्या ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही शिक्षेची दोन कामे सांगते, विस्कटलेली घडी पुन्हा बसवणे आणि गुन्हेगाराला सुधारायला मदत करणे. ज्या श्रमाने यांपैकी एकही गोष्ट साधत नाही, तो श्रम केवळ छळ होतो.

काथ्या कुटणे : घरी आणि तुरुंगात

आपल्या किनाऱ्यावर नारळाची सोडणे भिजत घालून, कुटून, काथ्या काढून सुंभ वळणे हे घरोघरीचे काम होते. कित्येक आज्यांनी त्यावर संसार चालवले. हाच काथ्या इंग्रजी तुरुंगात शिक्षेचे हत्यार झाला. १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, तेव्हा रत्नागिरीत जन्मलेल्या या कोकणच्या सुपुत्राला तुरुंगात काथ्याचेच काम दिले गेले. तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. तरी त्यांची प्रकृती ढासळली आणि वजन घटले. १९०८ साली पुन्हा शिक्षा झाली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होत आले होते. न्यायमूर्ती दावर यांनी शिक्षा सुनावताना त्यांच्या वयाचा उल्लेख केला. सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची ती शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलली गेली, आणि मंडालेच्या त्या कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहून झाले.

टिळकांचा खटला राजकीय होता आणि त्यांना आपण गुन्हेगार मानत नाही. तरी आपल्या विषयासाठी त्यातून एक गोष्ट दिसते. काथ्या तोच, हात तेच. घरी तो पोटाचा धंदा, तुरुंगात तो कणा मोडण्याचे साधन. श्रम स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. तो कुणासाठी, किती आणि कोणत्या मनाने करून घेतला जातो, यावर सारे ठरते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात हेच शिकवले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही.

इतरांनी काय करून पाहिले?

जपानमध्ये वृद्ध कैद्यांची संख्या इतकी वाढली की तुरुंगांना वृद्धाश्रमाचे रूप येऊ लागले. पुष्कळ म्हाताऱ्यांचा गुन्हा दुकानातून किरकोळ वस्तू उचलण्याचा असतो आणि त्यामागे एकटेपणा व गरिबी असते. तिथल्या १९०७ च्या दंडसंहितेत सक्तीच्या श्रमाची कैद ही प्रमुख शिक्षा होती. ज्यांना धड चालता येत नाही, काही आठवत नाही, त्यांच्याकडून कारखान्यासारखे काम कसे करून घेणार? शेवटी २०२२ साली कायदा बदलला आणि १ जून २०२५ पासून श्रमाची कैद व श्रमाविना कैद हा भेद संपला. आता एकाच प्रकारची कैद आहे. काम आणि सुधारणेचे शिक्षण प्रत्येक कैद्याची गरज पाहून ठरवायचे आहे. शंभराहून अधिक वर्षांनी एका शिस्तप्रिय देशाने शिक्षेचे प्रकार बदलले, त्यामागे म्हाताऱ्या कैद्यांचे थरथरणारे हातही होते.

इटलीतले उदाहरण वेगळे आहे. माजी पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांना २०१३ साली करचुकवेगिरीबद्दल अंतिम शिक्षा झाली. वय सत्तरीच्या पुढे असल्यामुळे त्यांना तुरुंगात जावे लागले नाही. त्याऐवजी मे २०१४ पासून, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, मिलानजवळच्या सेसानो बोस्कोने गावातील ‘साक्रा फामिल्या’, म्हणजे पवित्र कुटुंब, या कॅथलिक संस्थेत त्यांनी आठवड्यातून एकदा चार तास वृद्ध रुग्णांची सेवा केली. ही शिक्षा मार्च २०१५ मध्ये संपली. पुष्कळ लोक हसले. एवढ्या मोठ्या गुन्ह्याला एवढीशी शिक्षा, असे म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. काम वयाला साजेसे होते, पण गुन्ह्याच्या मानाने हलके वाटले. म्हणजे एक पारडे सांभाळले आणि दुसरे उचलले गेले. श्रीमंताला वयाची सवलत पटकन मिळते आणि गरिबाला ती मागायलाही वकील नसतो, ही शंका लोकांच्या मनात राहिली तर शिक्षेचा धाक आणि औषध दोन्ही वाया जातात.

आणि आपल्या महाराष्ट्रात? १९३९ साली औंध संस्थानच्या राजांनी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी केली. भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची त्यामागे प्रेरणा होती. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. त्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला. स्वतंत्रपूरची शिकवण साधी आहे : कैद्याला विश्वासाने दिलेले काम त्याला पुन्हा माणसांत आणते. बैल, विहीर, पीक यांची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो पळून जाण्याचा विचार कमी करतो.

ज्यांना शिक्षाच झालेली नाही

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. खटला चालू असलेला कच्चा कैदी दोषी ठरलेला नसतो, म्हणून त्याला सक्तमजुरी नसते. पण म्हाताऱ्या माणसाला तुरुंगातले रोजचे जगणे हीच मजुरी होते. फादर स्टॅन स्वामी या येशूसंघीय धर्मगुरूंना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली, तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. त्यांना नवी मुंबईच्या तळोजा तुरुंगात ठेवले होते. कंपवातामुळे हातात पेला धरवत नसे, म्हणून त्यांना पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याची मागणी कोर्टात करावी लागली. जेवायला आणि अंघोळीला सहकैदी मदत करीत. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचा खटला उभाच राहिला नव्हता.

त्या प्रकरणातील आरोपांविषयी कुणाचे मत काहीही असो. ज्याला पाण्याचा पेला उचलता येत नाही, त्याला कोठडीतला प्रत्येक दिवस सक्तमजुरीचाच असतो. जामिनाच्या कायद्यात आजारी व अशक्त माणसाचा वेगळा विचार करण्याची मुभा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वृद्ध आणि दुर्धर आजारी कैद्यांसाठी खास मोहीमही सुरू केली. कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आपल्या ओळखीत असे कुणी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. त्यासाठी ओळखपाळख किंवा वशिला लागत नाही.

शास्त्रात पाहू

गणनाच्या पुस्तकात (८:२३-२६) लेवींच्या सेवेचा नियम आहे. पंचविसाव्या वर्षी सेवा सुरू, पन्नासाव्या वर्षी जड कामातून सुटका. पण सुटका म्हणजे बाहेर काढणे नव्हे. त्यानंतर त्यांनी आपल्या भावांना मदत करायची, देखरेख ठेवायची. आपल्या रापणीतही हे दिसते. दोर ओढण्याची ताकद गेलेला म्हातारा किनाऱ्यावर बसून जाळे दुरुस्त करतो, समुद्राचा रंग पाहून सल्ला देतो. तो कामातून गेलेला नसतो, त्याचे काम बदललेले असते.

दुसरे उदाहरण जक्कयाचे (लूक १९). येशूच्या भेटीनंतर त्याने फसवलेल्यांना चौपट परत देण्याचे ठरवले. पश्चात्तापाचे पहिले फळ म्हणजे ज्याचे गेले त्याला परत मिळणे. चोरीच्या बाबतीत नवी संहिताही आधी वस्तू किंवा किंमत परत करायला सांगते आणि मग समाजसेवा देते. हा क्रम योग्य आहे.

आणि संत पौल. फिलेमोनाला लिहिताना तो स्वतःची ओळख म्हातारा आणि कैदी अशी करून देतो (वचन ९). हा म्हातारा कैदी काय करतो? दुसऱ्याची भरपाई आपल्या नावावर लिहून घेतो आणि तुटलेले नाते जोडतो. म्हातारपणी, बेड्यांत असतानाही माणसाला करण्यासारखे काम असते.

पोप फ्रान्सिस यांनीही २३ ऑक्टोबर २०१४ रोजी दंडविधानाच्या अभ्यासकांपुढे बोलताना वृद्ध कैद्यांना वेगळी वागणूक मिळावी असे सांगितले होते. चुकून मग वळलेल्या वृद्धाच्या आयुष्यातून समाजाला शिकता येते, हेही त्यांनी आवर्जून मांडले.

आपल्या गावात हे कसे दिसेल?

समजा, सत्तर वर्षांच्या एका गृहस्थाने शेजाऱ्याच्या खळ्यातले तीन हजारांचे खोबरे नेले. पहिलाच गुन्हा. किंमत परत केली. कोर्टाने समाजसेवा दिली. त्यांना भर उन्हात रस्त्याची खडी फोडायला लावले तर दुसऱ्या दिवशी ते सरकारी दवाखान्यात असतील. नुसते एखाद्या कचेरीत बाकावर बसवून ठेवले तर कुणाचेच भले होणार नाही. पण शाळेच्या बागेला पाणी घालणे, मुलांना जाळे विणायला शिकवणे, वाचनालयातली पुस्तके बांधणे, दवाखान्यात येणाऱ्या निरक्षर रुग्णांचे कागद भरून देणे, ही कामे त्यांना झेपतील आणि गावाच्या उपयोगाचीही होतील.

असे काम ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. हे त्या शरीराला झेपेल का? याचा खरोखर कुणाला उपयोग होईल का? आणि काम करताना त्या माणसाची मान राहील का? तिसरा प्रश्न विसरू नये. काम करणाऱ्या वृद्धाचा फोटो काढून मोबाइलवर फिरवणे ही कोर्टाने न दिलेली शिक्षा आहे. ती देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याच वेळी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. लहान मुलांवरील अत्याचार, बलात्कार, खून यांना समाजसेवा ही शिक्षा नाही आणि असूही नये. तिथे पहिला हक्क पीडितेच्या सुरक्षिततेचा आहे. पांढरे केस, घराण्याचे नाव किंवा पांढरा झगा पाहून असे गुन्हे झाकले गेले, तेव्हा तेव्हा कुटुंबाचे आणि ख्रिस्तसभेचेही अपार नुकसान झाले आहे. अशा गुन्हेगाराला तुरुंगात जावे लागले तर तेथे त्याला औषध, आधार आणि झेपेल ते काम मिळावे. पण वयाची ढाल मिळू नये.

आपल्या शाळा, दवाखाने, वृद्धाश्रम यांनी उद्या कोर्टाने कुणाला पाठवले तर त्याला स्वीकारायची तयारी ठेवावी. शिक्षा संपल्यावर त्या माणसाला पुन्हा मिस्सेला, लग्नाला, रापणीला बोलवावे. फेडून झालेले कर्ज कुणी पुन्हा मागत नाही.

घरी आणि वाडीच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरातल्या वृद्धाने चूक केली तर आपण ती झाकतो, की भरपाई करायला त्यांना मदत करतो?

२. आपल्या गावात वृद्ध माणूस करू शकेल अशी समाजाच्या उपयोगाची कोणती पाच कामे आहेत?

३. शिक्षा भोगून आलेल्या माणसाशी आपण कसे बोलतो? त्याच्या नातवंडांशी कसे वागतो?

४. तुरुंगातील वृद्धांसाठी आपला समूह या वर्षी काय करू शकेल : भेट, पत्र, औषध की वकिलाची मदत?

या चार प्रश्नांपैकी निदान एकाचे उत्तर पुढच्या बैठकीपर्यंत कृतीत आणू या.

तुमचा,
धर्मगुरू